मणिकर्ण आणि पार्वती खोरे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी गरम कुंडांची आणि पायवाटांची माहिती

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे यांपैकी एखाद्या ठिकाणी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी काठावर बसून पाय बुडवलेला असतो, सोसवते का ते पाहिलेले असते आणि मग हळूहळू आत उतरण्याचा आनंदही घेतलेला असतो. हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यात पार्वती नदीच्या काठी वसलेल्या मणिकर्ण या लहानशा गावी जाताना ही सवय घरीच ठेवावी, कारण तिथल्या मूळ झऱ्याचे पाणी ९० अंश सेल्सिअसच्याही वर असते आणि त्यात बुडवलेला पाय भाजूनच बाहेर येतो. स्नानाची कुंडे वेगळी असतात, तिथे थंड पाणी मिसळलेले असते. हा फरक गावात पोहोचण्याआधीच माहीत असलेला बरा.

गावातल्या पाट्यांवर ‘मणिकरण’ असे लिहिलेले दिसेल. पार्वतीच्या कानातले रत्न इथे पाण्यात हरवले, शंकराचा कोप झाला आणि शेषनागाच्या फूत्काराबरोबर उकळते पाणी व रत्ने वर आली, अशी कथा गावाच्या नावामागे सांगितली जाते. भूगर्भशास्त्राचे उत्तर निराळे आहे. या भागात ज्वालामुखी नाही. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खूप खोल झिरपते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून दाबाने वर येते. या उष्णतेवर वीज निर्माण करण्यासाठी इथे ५ किलोवॅटचा एक प्रायोगिक संचही बसवला गेला होता. तो टिकला नाही, पण इथल्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरचा भात मात्र आजही याच पाण्यावर शिजतो.

पहिले काम: क्रम ठरवणे

या खोऱ्यात पहिल्यांदा येणारे सर्वांत मोठी चूक क्रमाची करतात. दिल्लीहून रात्रभर बसमध्ये बसून यायचे, पहाटे उतरायचे आणि ‘दिवस वाया घालवायचा नाही’ म्हणून थेट खीरगंगेची, म्हणजे खोऱ्यात बरेच वर असलेल्या गरम कुंडाची, चढण सुरू करायची, हा बेत कागदावर फार आकर्षक दिसतो. आम्हीही एकदा तेच केले. दुपारी चारनंतर वर पोहोचलो, आमच्यातल्या एकाला वाटेत दोनदा उलटी झाली, आणि ज्या कुंडासाठी एवढा आटापिटा केला त्यात त्याला उतरताच आले नाही.

उंचीचा हिशेब थोडा समजून घेतला की क्रम आपोआप लागतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे, आणि मणिकर्णचा बाजारच त्याहून अधिक, म्हणजे सुमारे १,७५० मीटर उंचीवर भरतो. खीरगंगा सुमारे २,९५० मीटरवर आहे. म्हणून पहिली रात्र मणिकर्ण किंवा त्याच्या जवळच्या कसोलला काढावी, दुसरा दिवस जवळपासच्या सोप्या वाटांना द्यावा, तिसऱ्या दिवशी खीरगंगेला चढून तिथेच मुक्काम करावा, चौथ्या दिवशी उतरावे, आणि हातात आणखी दोन दिवस असतील तर मनालीजवळच्या वसिष्ठला शेवटचे स्नान करून परत फिरावे. गरम पाण्याचे सुख थकलेल्या शरीराला अधिक कळते, त्यामुळे आधी चालणे आणि मग कुंड, हा नियम प्रत्येक दिवशी पाळावा.

महिना निवडताना

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ नवख्यांसाठी योग्य आहे. मे-जूनमध्ये मैदानी प्रदेशातली गर्दी वर येते. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ आणि वाटा कोरड्या असतात, रात्री मात्र चांगल्याच गार होतात. माझी पसंती ऑक्टोबरला आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत मणिकर्णला जाता येते, आणि बर्फ पडत असताना वाफाळत्या कुंडात बसण्याची मौज वेगळीच असते, पण त्या दिवसांत खीरगंगेची वाट निसरडी होते आणि अनुभवी वाटाड्याशिवाय तिकडे वळू नये.

जुलै आणि ऑगस्ट टाळावेत. सह्याद्रीत आपण पावसाळ्यातच डोंगरावर जातो, त्यामुळे हा सल्ला मराठी माणसाला भित्रेपणाचा वाटण्याचा संभव आहे, परंतु हिमालयातला पाऊस दरडी घेऊन येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये डोंगरावरून सुटलेले मोठे दगड मणिकर्णच्या गुरुद्वाऱ्याच्या इमारतीवर कोसळले आणि त्यात माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये चोज गावाजवळच्या नाल्याला अचानक आलेल्या पुरात तंबूंची एक जागा वाहून गेली. जुलै २०२३ च्या महापुरात रस्ते तुटल्याने शेकडो पर्यटक या खोऱ्यात अडकून पडले. राहण्याची जागा कोणत्याही महिन्यात निवडताना ती नाल्याच्या तोंडाशी किंवा नदीच्या अगदी पात्रालगत नाही ना, एवढे पाहावे. ‘रिव्हरसाइड’ या शब्दाचे जास्त पैसे मोजून नेमकी तीच जागा घेतली जाते.

पोहोचणे

मुंबई-पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने दिल्ली अथवा चंदिगड गाठावे. तिथून मनालीकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये बसावे आणि मनालीपर्यंत न जाता भुंतरला उतरावे. दिल्लीहून भुंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि प्रवासाला बारा तासांच्या आसपास वेळ लागतो. तिकीट काढतानाच भुंतरचे काढावे आणि बसमध्ये चढताना वाहकाला तसे सांगून ठेवावे, कारण पहाटेच्या झोपेत भुंतर कधी मागे पडले ते कळत नाही. भुंतरला विमानतळही आहे, मात्र दरी अरुंद आणि धावपट्टी लहान असल्याने तिथे लहान विमानेच उतरतात आणि हवा बिघडली की उड्डाण रद्द होते. परतीचे मोठे विमान त्याच दिवशी पकडायचे असेल तर भुंतरच्या विमानावर विसंबू नये.

भुंतरला पार्वती नदी बियासला मिळते. तिथून पूल ओलांडून पार्वतीच्या खोऱ्यात शिरणाऱ्या बस दिवसभर मिळतात. जरी, कसोल आणि मग मणिकर्ण असा सुमारे ३५ किलोमीटरचा हा रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की एकाला मागे जावे लागते, त्यामुळे दीड ते दोन तास धरावेत. घाटात मळमळणाऱ्यांनी पुढची जागा धरावी. वाटेत पोलिसांची तपासणी होते. या खोऱ्यात चरस विकणारे आपणहून भेटतात, आणि १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली ते जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. अनोळखी माणसाने ‘जरा ही पिशवी मणिकर्णपर्यंत न्याल का’ असे विचारले तर सरळ नाही म्हणावे.

मणिकर्ण: पहिला दिवस

बसस्थानकावर उतरल्यावर नदीच्या पलीकडच्या काठावरून उठणारी वाफ दिसते. पूल ओलांडताना खाली पार्वती इतक्या जोराने वाहते की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. तिचे पाणी बर्फाचे असते आणि त्याच्या हातभर अंतरावर खडकांतून उकळते पाणी फुटत असते. नदीकाठच्या दगडांवर फोटोसाठी उतरू नये. दगड शेवाळलेले आणि वाफेने ओले असतात, आणि या प्रवाहात पडलेला माणूस पोहता येत असले तरी बाहेर येत नाही.

पूल संपताच गुरुद्वारा आहे. गुरू नानक आपले शिष्य आणि सहप्रवासी मर्दाना यांच्यासह इथे आले होते, अशी श्रद्धा आहे. आत जाताना पादत्राणे जोडाघरात ठेवावीत, डोके रुमालाने किंवा ओढणीने झाकावे, आणि तंबाखू-सिगारेट खिशातही असू नये. ज्यांनी नांदेडच्या हुजूर साहिबला लंगर घेतला आहे त्यांना इथली रीत नव्याने सांगायला नको: पंगतीत बसावे, दोन्ही हातांत पोळी घ्यावी, लागेल तेवढेच वाढून घ्यावे आणि ताट रिकामे करून उठावे. यात्रेकरूंसाठी राहण्याचीही सोय असते, परंतु सुटीच्या दिवसांत तिच्या भरवशावर कुटुंब घेऊन रात्री उशिरा पोहोचू नये.

आता झरा. गुरुद्वाऱ्यालगत आणि शिवमंदिरापाशी कठडा घातलेली उकळत्या पाण्याची कुंडे आहेत, त्यांत लंगरच्या डाळ-तांदळाची मोठाली भांडी झाकणांवर वजन ठेवून सोडलेली असतात. भाविकांसाठी बाजारात तांदळाच्या आणि हरभऱ्याच्या लहान कापडी पुरचुंड्या मिळतात. त्यांना लांब दोरी बांधलेली असते. ती दोरी कठड्याला गुंडाळून पुरचुंडी पाण्यात सोडायची. पहिली काही मिनिटे ती तळाशी नुसती हेलकावे खाते, मग कापड फुगू लागते आणि गाठीपाशी तांदळाचा पांढुरका रंग उतरतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ओढून काढली की आत मोकळा भात तयार असतो, हरभऱ्याला मात्र बराच जास्त वेळ लागतो. पुरचुंडी ओढून काढल्यावर लगेच हातात घेऊ नये, कापडात अडकलेले पाणी चटका देते. आणखी एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे: एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे या झऱ्यातले पाणी गरम नसून जवळजवळ उकळतेच असते. लहान मुलांचा हात या भागात क्षणभरही सोडू नये.

स्नानाची कुंडे पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी आहेत. काही जुन्या हॉटेलांतही झऱ्याचे पाणी नळाने आणून केलेली लहान कुंडे असतात, ज्यांना सार्वजनिक कुंडात संकोच वाटतो त्यांनी खोली घेतानाच त्याची चौकशी करावी. पाण्यात उतरण्याची रीत सगळ्या कुंडांना सारखीच लागू आहे, म्हणून ती इथेच सांगतो. जेवणानंतर तासभर थांबावे. आधी बाहेरच्या नळावर अंग धुवावे. पायांवर आणि खांद्यांवर तांब्याने पाणी घेऊन अंदाज घ्यावा, मग पायऱ्यांवर बसत बसत उतरावे, उडी मारू नये. पहिल्या वेळी दहा मिनिटे पुरेत, पंधराच्या पुढे जाऊ नये. डोके पाण्याबाहेर ठेवावे आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. बाहेर येताना एकदम उभे राहू नये, कारण गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि झटकन उठल्यावर भोवळ येते. काठावर मिनिटभर बसावे, पाणी प्यावे, कोरडे होऊन टोपी घालावी आणि मगच वाऱ्यात जावे. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, तसेच दारू पिऊन कोणीच उतरू नये. या पाण्याने त्वचेचे आणि सांध्यांचे सगळे रोग बरे होतात, असे सांगणारे बरेच भेटतील. दुखऱ्या गुडघ्यांना बरे वाटते एवढे मी खात्रीने म्हणेन, तेवढ्यासाठी चालू असलेले औषध बंद करू नये.

दुसरा दिवस: कसोलभोवतीच्या वाटा

मणिकर्णहून ४ किलोमीटर खाली असलेले कसोल हे तरुणांचे गाव आहे. इस्रायली पर्यटकांची इथे इतकी ये-जा असते की काही पाट्या हिब्रूत दिसतात आणि खानावळीत राजमा-चावलाच्या शेजारी हुमुस (काबुली चण्याची चटणी) मिळते. कसोलचा झुलता पूल ओलांडून नदीकाठाने छलालला जाणारी पायवाट देवदार-चीडच्या झाडांतून जाते, अर्ध्या-पाऊण तासाची आहे आणि आजी-आजोबांनाही झेपते. उंचीची सवय होण्यासाठी यापेक्षा चांगली वाट नाही. दम जास्त असेल तर ग्रहण गावाकडे जाणारी नाल्याकाठची वाट घ्यावी, जायला तीन-चार तास लागतात, म्हणून सकाळीच निघावे.

मलाणा गावाबद्दल बहुतेकांना कुतूहल असते. तिथले लोक जमलू देवतेच्या आज्ञेने चालतात आणि बाहेरच्या माणसाने त्यांच्या मंदिराला, भिंतींना किंवा माणसांना हात लावलेला त्यांना चालत नाही, त्यासाठी दंड घेतात. नुसते ‘पाहायला’ म्हणून जाणाऱ्यांनी ही भेट सोडली तरी काही बिघडत नाही.

तिसरा दिवस: खीरगंगा

मणिकर्णहून बर्शैणीपर्यंत बस जाते. अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे आणि तासभर लागतो. सकाळची पहिली बस धरावी. बर्शैणीला उतरताच पार्वती जलविद्युत प्रकल्पाचे बांधकाम दिसते, त्यामुळे पहिले दर्शन काहीसे धुळकट असते. तिथून खीरगंगेला दोन मुख्य वाटा आहेत. नदीच्या उजव्या काठाने नकथान गावातून जाणारी वाट रुळलेली आहे, तिच्यावर माणसांची वर्दळ आणि चहाची दुकाने असतात. डाव्या काठाने कलगा गावातून जाणारी वाट दाट जंगलातून जाते, सावलीची आणि सुंदर आहे, परंतु तिला फाटे फुटतात आणि चुकण्याचा धोका खरा आहे. नवख्यांनी जाता-येता नकथानचीच वाट घ्यावी. या खोऱ्यात एकट्याने फिरताना माणसे बेपत्ता झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून एकटे चढू नये, आणि निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी कोणत्या वाटेने जात आहोत व कधी परतणार हे सांगून ठेवावे.

अंतर सुमारे १२ किलोमीटर असून चार ते पाच तास लागतात. पहिला टप्पा शेतांच्या आणि सफरचंदांच्या बागांच्या कडेने जातो. नकथान हे वाटेवरचे शेवटचे गाव, इथे पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. पुढे रुद्रनाग लागतो. इथे धबधबा खडकावरून नागमोडी उतरतो आणि स्थानिक लोक त्याला पवित्र मानतात, त्यामुळे त्यात पाय धुणे किंवा रॅपर टाकणे त्यांना मनापासून लागते. रुद्रनागनंतर पूल ओलांडला की खरी चढण सुरू होते. इथवर गप्पा मारत आलेली मंडळी इथे गप्प होतात. वीस मिनिटे चालणे आणि दोन मिनिटे उभे राहणे, हा वेग ठेवावा. डोके दुखू लागले किंवा मळमळले तर थांबावे, पाणी प्यावे, आणि थांबूनही त्रास वाढत गेला तर खाली वळावे.

जंगल संपते आणि अचानक उताराचे कुरण समोर येते. कुंड कुरणाच्या वरच्या अंगाला आहे. पाण्यात तरंगणाऱ्या पांढुरक्या, सायीसारख्या कणांमुळे या जागेला खीरगंगा म्हणतात, आणि कार्तिकेयाने इथे तप केले अशी कथा आहे. पुरुषांचे कुंड उघडे आहे, स्त्रियांचे भिंतींनी बंदिस्त केलेले आहे. चपला-बूट बऱ्याच अंतरावर काढावे लागतात, आणि घामेजल्या अंगाने कुंडात न जाता आधी बाहेर पडणाऱ्या धारेखाली उभे राहून अंग धुवावे लागते. साबण आणि शाम्पू पूर्णपणे वर्ज्य आहेत, कारण हे पाणी पुढे खालच्या गावांकडेच वाहत जाते. थकून आल्या आल्या उतरण्याचा मोह आवरावा. घाम सुकू द्यावा, काहीतरी हलके खावे आणि मग जावे. मला विचाराल तर संध्याकाळी इथे गर्दी होते, पहाटे उजाडताना मात्र कुंडात चार-पाच माणसे असतात, समोरच्या शिखरांवर ऊन उतरत असते आणि खालच्या दरीत अजून अंधार असतो. मुक्काम करायचा तो या पहाटेसाठी.

तंबू आणि खानावळी यांवर वन विभागाचे निर्बंध वेळोवेळी येतात, म्हणून वर राहण्याची सोय चालू आहे का, हे बर्शैणीला बस सोडण्यापूर्वीच विचारावे. सोय नसेल तर दुपारी दोनला, कुंडात असाल तरी, उतरायला सुरुवात करावी. वरची वाट पुढे मानतलाई सरोवराकडे आणि ५,३०० मीटरहून उंच असलेल्या पिन-पार्वती खिंडीकडे जाते. ती तयारीच्या गिर्यारोहकांची आहे, ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ म्हणून जाण्याची नव्हे.

पाठीवर काय असावे

बर्शैणीच्या पुढे एटीएम नाही, आणि कसोल-मणिकर्णच्या यंत्रांत सुटीच्या दिवसांत रोकड संपलेली असते, त्यामुळे रोख रक्कम भुंतरलाच काढून घ्यावी. मोबाइलचे नेटवर्क नकथानच्या पुढे जवळजवळ सोडून जाते. कुंडासाठी कपड्यांचा वेगळा जोड घ्यावा आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, कारण खीरगंगेला ओले झालेले कपडे रात्रभरात वाळत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी दोन किलो जास्त ओझे घेऊन उतरावे लागते. जाड टॉवेलऐवजी पंचा घ्यावा. पंच्याने अंगही पुसता येते, डोकेही झाकता येते आणि तासाभरात तो सुकतो. याखेरीज लोकरीची टोपी, टॉर्च, मीठ-साखरेची पुडी, पकड असलेले बूट आणि पातळ रेनकोट पुरेसा आहे.

परतीच्या वाटेवर वसिष्ठ

बर्शैणीहून संध्याकाळी बस लवकर संपतात, हे सकाळीच वाहकाला विचारून ठेवलेले असावे. भुंतरहून मनालीला बस मिळते. मनालीच्या थोडे अलीकडे रस्त्यालगत कलाथ इथेही गरम झरा आहे, पण वेळ कमी असेल तर तो सोडून थेट वसिष्ठला जावे. मनालीपासून सुमारे ३ किलोमीटरवर बियासच्या पलीकडे वसलेल्या या गावात वसिष्ठ ऋषींच्या लाकडी कोरीव मंदिराला लागूनच स्नानकुंडे आहेत, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी आणि विनामूल्य. इथल्या पाण्याला गंधकाचा वास येतो. चांदीचे पैंजण, जोडवी आणि साखळ्या उतरवून ठेवाव्यात, नाहीतर त्या काळ्या पडतात. सकाळी जोगिनी धबधब्यापर्यंत तासाभराची चाल करावी, परत येऊन कुंडात बसावे, आणि अंग कोरडे करून दुपारपर्यंत मनालीच्या बसस्थानकावर पोहोचावे, कारण दिल्लीकडे जाणाऱ्या बहुतेक बस संध्याकाळी सुटतात.